मुळ्याचे अंतराळयान
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि शिवकालावर बोलून झाल्यानंतर मुळ्यावर बोलण्यास कोणी उभे राहील, अशी आपली अपेक्षा नसणार. कार्यक्रमपत्रिकेत आमचा विषय 'हौशी मंडळींचे विज्ञानपट' असा भारदस्त शब्दांत छापला आहे खरा. परंतु त्याच्या केंद्रस्थानी एक मुळाच आहे. जपानमधील ओसाका शहरात १९८१ साली काही विद्यार्थ्यांनी या मुळ्याचे अंतराळयान केले. ते कसे केले, कशासाठी केले आणि त्यापायी काय सोसले, हे आपल्यासारख्या, घरापासून दूर राहून वर्षानुवर्षे हौसेने कार्यक्रम उभे करणाऱ्या मंडळींना सांगावे, असे आम्हांस फार दिवस वाटत होते.

'हौशी' हा शब्द आपण दोन सुरांत वापरतो. 'हौशी नट' म्हणताना त्यात कौतुक असते. 'काम जरा हौशीच झाले' म्हणताना नाक मुरडलेले असते. आपल्या मंडळाच्या नाटकाचेच उदाहरण घ्या. दिवसभर कचेरीत वा कारखान्यात राबून आलेली माणसे रात्री तालमी करतात. तीन महिन्यांच्या तालमींनंतर प्रयोग होतो एक, फार तर दोन. पडदा पडला की मध्यरात्र उलटेपर्यंत नेपथ्य उतरवावयाचे आणि भाड्याचे कपडे घड्या घालून परत पाठवावयाचे. या खटाटोपातून मिळाले काय, असा हिशेब कोणी मागत नाही. मागणाऱ्यालाच आपण अरसिक ठरवू. मात्र आपल्याच घरातील एखादा मुलगा वा मुलगी संगणकासमोर बसून तीन महिने एका अंतराळयानाचे अर्ध्या मिनिटाचे उड्डाण घडवीत असेल, तर तोच हिशेब आपण पहिल्या आठवड्यात मागतो. "याचा पुढे उपयोग काय?" हा प्रश्न आम्ही अनेक घरांतून ऐकला आहे. त्याला उत्तर आहे. पण ते वाटते तितके सरळ नाही, म्हणून जरा लांबून सुरुवात करावी लागेल.

एखादी कादंबरी, मालिका वा चित्रपट मनात इतका भिनावा की नुसत्या पाहण्याने समाधान होऊ नये, त्यातील पात्रे आणि याने घेऊन आपणच एखादा प्रसंग रचावा, अशी ओढ काही प्रेक्षकांना लागते. या ओढीतून, मिळकतीची अपेक्षा न ठेवता, चाहत्यांनी केलेल्या चित्रपटाला 'फॅन फिल्म' म्हणतात. ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. पुराणांतील पात्रे घेऊन कोकणातील दशावतारी मंडळी रात्र रात्र आपले स्वतःचे संवाद रचीत आलीच आहेत. फरक इतकाच, की व्यासांचे वारस स्वामित्वहक्क मागावयास कधी आले नाहीत. ते प्रकरण पुढे येणारच आहे.

असा चित्रपट माणसे उभी करून, कॅमेऱ्यापुढे अभिनय करून काढता येतो. परंतु विज्ञानकथेत अडचण अशी, की अंतराळयान भाड्याने मिळत नाही. ते एकतर पुठ्ठ्याचे करावे लागते, आणि पुठ्ठ्याचे आहे हे पडद्यावर दिसतेच; नाहीतर ते चितारावे लागते. चितारलेल्या यानाला वजन नसते, इंधन लागत नाही आणि ते सूर्याला वळसा घालून आले तरी खर्च कागदाचाच. म्हणून हौशी विज्ञानपटाची पावले सहजच ॲनिमेशनकडे वळतात. तेथे खर्च पैशाचा नव्हे, वेळेचा असतो, आणि तो किती असतो हे पाहिल्यावर भल्याभल्यांचा धीर सुटतो.

चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी सेकंदाला बारा चित्रे झाली. पाच मिनिटे म्हणजे तीनशे सेकंद. तीनशे गुणिले बारा म्हणजे तीन हजार सहाशे चित्रे. प्रत्येक चित्र आधी पेन्सिलीने काढावयाचे, मग ते पारदर्शक पत्र्यावर, ज्याला 'सेल' म्हणतात त्यावर, उतरवावयाचे, पत्र्याच्या मागल्या बाजूने रंग भरावयाचे, तो वाळवावयाचा, पार्श्वभूमीच्या चित्रावर नेमक्या जागी बसवावयाचा आणि कॅमेऱ्याची कळ एकदा दाबावयाची. पडद्यावर एक डोळा मिटून उघडेपर्यंत कागदावर अर्धा दिवस गेलेला असतो. आता यातील बरेचसे काम संगणक करतो. तरी यान कोठून निघावे, किती वेळाने वळावे आणि वळताना किंचित डगमगावे की नाही, हे माणसालाच ठरवावे लागते, आणि वेळ तेथेच जातो.

ही एकेक चौकट टिपण्याची कला आपल्याकडे किती जुनी आहे, हे येथे सांगितले पाहिजे. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्यापूर्वी, १९१२ साली, एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची वाढ थोडीथोडी टिपली. त्यातून जेमतेम मिनिटभराचा चित्रपट झाला: 'अंकुराची वाढ'. बी फुटते, कोंब वर येतो, वेल चढू लागते, हे सारे एका मिनिटात. तो दाखवून त्यांनी आपल्या पहिल्या कथापटासाठी कर्जाऊ भांडवल मिळवले. पुढे १९१५ साली त्यांनी आगकाड्यांना पडद्यावर नाचवले. त्या चित्रपटाचे नाव 'आगकाड्यांची मौज'. भारतीय चित्रपटाचा इतिहास आपण हरिश्चंद्रापासून मोजतो, त्याला आमची हरकत नाही. पण त्याच्या आधी एक माणूस घरात बसून वाटाण्याचे वेड घेतो, ही गोष्ट आम्हांस हरिश्चंद्राइतकीच मोलाची वाटते.

आता वाटाण्यावरून मुळ्याकडे.

जपानात १९६२ पासून विज्ञानकथाप्रेमींचे वार्षिक संमेलन भरते. आपल्या साहित्य संमेलनासारखे तेही गावोगाव फिरते आणि प्रत्येक वेळी त्या त्या ठिकाणची हौशी मंडळी ते अंगावर घेतात. १९८१ चे विसावे संमेलन ओसाकाकडे आले. जपानी चित्रलिपीत ओसाका या नावातील पहिले अक्षर 'दाइ' असेही वाचता येते. त्याला इंग्रजी 'कन्व्हेन्शन'मधला 'कॉन' जोडून ओसाकाच्या संमेलनाला 'दाइकॉन' म्हणत. हे शहरातील तिसरे, म्हणून 'दाइकॉन-३'. आणि जपानी भाषेत 'दाइकोन' म्हणजे मुळा! संमेलनाच्या नावावर केलेली ही कोटी पुढे सगळ्या चित्रपटाला पुरली. कोटीच्या बाबतीत मराठी माणसाने जपानी माणसाला परके मानू नये.

संमेलनाच्या आरंभी एक छोटासा ॲनिमेशनपट दाखवावा, अशी कल्पना संयोजकांपैकी तोशिओ ओकादा आणि यासुहिरो ताकेदा यांनी काढली. नाटकाआधी नांदी असावी तसा. त्यासाठी ओसाका कला विद्यापीठातील तीन विद्यार्थी गाठण्यात आले: हिरोयुकी यामागा, हिदेआकी आन्नो आणि ताकामी आकाइ. तिघेही विशीच्या आसपासचे. दिग्दर्शन यामागाकडे, याने, यंत्रे आणि स्फोट आन्नोकडे, माणसे आकाइकडे, अशी ढोबळ वाटणी झाली. ओकादाच्या घरातील एका रिकाम्या खोलीत काम सुरू झाले.

पहिलीच अडचण सेलची. दुकानात एका सेलची किंमत पन्नास येन. हजारो लागणार, म्हणजे हिशेब हाताबाहेर गेला. तेव्हा या मंडळींनी नमुन्यादाखल एकच सेल विकत घेतला, तो घेऊन शेजारच्या हिगाशी-ओसाकामधील प्लॅस्टिकच्या कारखान्यात गेले आणि तसल्याच पारदर्शक व्हिनिलची एक गुंडाळी दोन हजार येनांत घेऊन आले. घरी आणून ते कापले. चित्रे एकमेकांवर नेमकी बसावीत म्हणून कागदाला जी भोके पाडतात, ती पाडण्याचे साधनही घरीच बनवले. स्वस्ताईचा मोबदला लवकरच मिळाला: रंगवलेले पत्रे एकमेकांना चिकटू लागले आणि वाळलेला रंग पोपडे धरून सुटू लागला. ज्यांनी गणपतीच्या आदल्या रात्री मखराच्या थर्मोकोलला चुकीचा रंग लावून ते विरघळताना पाहिले आहे, त्यांना त्या खोलीतील वातावरण वर्णन करून सांगावयास नको.

चित्रीकरण आठ मिलिमीटरच्या फिल्मवर, म्हणजे त्या काळी लोक घरच्या बारशाचे आणि लग्नाचे जे चित्रण करीत त्याच फिल्मवर झाले. चित्रपट भरला सुमारे पाच मिनिटांचा.

कथा एवढीच. पाठीवर दप्तर घेतलेली एक लहान मुलगी आहे. आकाशातून एक विमान उतरते. ते 'अल्ट्रामॅन' या १९६६ च्या जपानी दूरचित्रवाणी मालिकेतले, हे प्रेक्षकांतील प्रत्येकाला ठाऊक. त्यातून उतरलेली माणसे तिच्या हाती पाण्याचा एक प्याला देतात आणि सांगतात, हे पाणी मुळ्याला घाल. मुलगी निघते, आणि वाटेत तिला अडवावयास कोण कोण येत नाही? चिलखती यंत्रमानव येतो, गॉडझिला येतो, निरनिराळ्या चित्रपटांतील आणि मालिकांतील राक्षस, याने, यंत्रे असे सगळे विज्ञानकथेचे गणगोत येते. मुलगी दप्तरातून धूर सोडीत उडते, लढते. एकदा प्याला हातातून निसटतो, पण जमिनीवर आपटण्यापूर्वी ती त्याला पकडते. अखेर शेतातील वाळलेल्या मुळ्यावर ती ते पाणी ओतते. मुळा टवटवीत होतो, फुगतो आणि त्याचे अंतराळयान होते. मुलगी कप्तानाच्या जागी बसते आणि यान निघते.

या कथेला अर्थ काय, असे विचाराल तर शब्दांत सांगण्याजोगा फारसा नाही. परंतु त्या सभागृहाची कल्पना करा. आत बसलेला प्रत्येक जण यातील एकेका पात्रावर लहानपणापासून जीव लावून बसलेला. बाहेरच्या जगात त्याच्या या वेडाला किंमत नाही. नातेवाईक म्हणतात, एवढा घोडा झाला तरी राक्षसांची चित्रे पाहतो. आणि येथे, अंधारात, त्याची सगळी लाडकी मंडळी एकामागून एक पडद्यावर येत आहेत, आणि ती चितारणारी मुले त्याच्यासारखीच आहेत. परप्रांतात वर्षभर दुसऱ्या भाषांत व्यवहार करून दिवाळी पहाटेला मंडळाच्या सभागृहात आपली गाणी ऐकणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

या चित्रपटाच्या खर्चाने संयोजक कर्जबाजारी झाले. ते फेडण्यासाठी त्यांनी चित्रपटाच्या फिती आणि त्याच्या कामातील चित्रे वगैरे विकली. विक्री अपेक्षेबाहेर झाली; कर्ज फिटून वर शिल्लक उरली. दुसऱ्या कोणी ती वाटून घेतली असती. यांनी ती पुढच्या चित्रपटांत घातली.

एक गमतीची गोष्ट ताकेदा यांनी आपल्या आठवणींत नोंदवली आहे. जपानी चित्रकथांचे पितामह ओसामू तेझुका यांनी हा चित्रपट पाहिला आणि यात पुष्कळ पात्रे आहेत, तशी काही नाहीतही, अशा आशयाचे काहीतरी ते सूचकपणे म्हणाले. तेव्हा मुलांच्या ध्यानात आले की सगळ्या जगाची पात्रे घेतली आणि तेझुकांचीच राहिली! १९८३ सालच्या 'दाइकॉन-४' साठी दुसरा चित्रपट काढला, त्यात ही उणीव भरून काढली.

तो दुसरा चित्रपट सोळा मिलिमीटरवर, खऱ्याखुऱ्या सेलवर काढलेला. मधल्या काळात यामागा आणि आन्नो तोक्योला जाऊन 'मॅक्रॉस' (१९८२) या व्यावसायिक मालिकेवर काम करून आले होते. योशियुकी सादामोतोसारखे नवे चित्रकार येऊन मिळाले होते. मुलगी आता मोठी झाली आहे, तलवारीवर उभी राहून आकाशात तरंगते आहे. पहिल्याच्या मानाने हे काम इतके सफाईदार आहे की दोन वर्षांत एवढा पल्ला कसा गाठला, असे वाटते. आमचा स्वतःचा कौल मात्र पहिल्याच्या बाजूने आहे. त्यातील रेषा थरथरते, रंग हलतो. पण प्याला निसटतो तेव्हा आमचा जीव आजही वरखाली होतो.

पुढचा इतिहास प्रसिद्ध आहे. १९८४ च्या डिसेंबरात या मंडळींनी 'गाइनाक्स' ही संस्था स्थापन केली. १९८७ साली यामागाच्या दिग्दर्शनाखाली तिचा पहिला मोठा चित्रपट आला. १९९५ साली आन्नोची 'इव्हँजेलियन' ही मालिका आली आणि जगभर गाजली. त्याच आन्नोने १९८३ साली, विद्यार्थी असताना, एका हौशी चित्रपटात स्वतः अल्ट्रामॅनची भूमिका केली होती, घरगुती पोशाखात. २०१६ साली मूळ कंपनीनेच त्याला गॉडझिलाचा चित्रपट दिला आणि २०२२ साली 'शिन अल्ट्रामॅन' हा अधिकृत चित्रपट त्याने लिहिला.

येथे "पाहा, हौसेचे कसे सोने झाले" असे म्हणून टाळी घेता येईल. ती आम्हांला घ्यावयाची नाही, कारण हिशेब अर्धाच सांगितल्यासारखे होईल. आन्नोने विद्यापीठातील शिक्षण पूर्ण केले नाही. ज्या गाइनाक्सचा एवढा बोलबाला झाला, तिने २०२४ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या खोलीत रंग भरावयास जे हात लागले, ते सगळेच काही नामांकित दिग्दर्शकांचे झाले नाहीत. जगात असे छंद करणाऱ्या हजारांमध्ये आन्नो एखादाच निघतो. तेव्हा मुलाच्या छंदाला "पुढे आन्नो होईल" या आशेवर परवानगी देणे म्हणजे लॉटरीचे तिकीट काढण्यासारखे आहे. आणि लॉटरी लागली नाही की आपण छंदालाच दोष देणार.

आमचे म्हणणे निराळे आहे. मंडळातील नटाला आपण त्याच्या पुढच्या कारकिर्दीवरून जोखत नाही. त्या रात्री त्याने काम कसे केले, यावरून जोखतो. तोच न्याय या मुलांना द्यावा. परीक्षा सांभाळा, झोप सांभाळा, हे जरूर सांगावे. तेवढा अधिकार आईबापांचा आहे. पण चित्र पुरे झाल्यावर ते पाहावयास बसावे, आणि "यान वळताना जरा जड वाटते" असे काहीतरी खरेखुरे बोलावे. नुसत्या 'छान'पेक्षा मुलाला ते अधिक आवडते.

आता स्वामित्वहक्काचे प्रकरण. दाइकॉनच्या चित्रपटांत दुसऱ्यांची पात्रे बिनदिक्कत घेतली होती. 'दाइकॉन-४'ला 'इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा' या इंग्रज वाद्यवृंदाचे 'ट्वायलाइट' हे गीतही परवानगीशिवाय जोडले होते. या कारणांमुळे हे चित्रपट रीतसर बाजारात आणणे दुरापास्त झाले. मजा अशी, की २००५ साली एका जपानी मालिकेने तेच गीत शीर्षकगीत म्हणून घेतले आणि त्यावर 'दाइकॉन-४'ची आठवण करून देणारी चित्रे हलवली. नक्कलेचीही नक्कल निघाली.

त्या काळी मालकांनी डोळेझाक केली. आता ती गृहीत धरता येत नाही. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी 'ॲक्झनार' नावाच्या चित्रपटासाठी लोकवर्गणीतून दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमवली, तेव्हा २०१५ च्या डिसेंबरात मालक कंपन्यांनी दावा लावला आणि २०१६ साली नियम जाहीर केले: चित्रपट पंधरा मिनिटांचा, दोन भाग केले तर मिळून तीस मिनिटांचा, वर्गणी पन्नास हजार डॉलरपर्यंत, आणि काम करणारे हौशीच असावेत, त्यांना मोबदला नसावा. कंपनीच्या वकिलाने हौशी माणसाची व्याख्या लिहावी, हा काळाचा महिमा. 'वॉरहॅमर' या खेळाच्या विश्वावर स्यामा पेडरसन याने २०१८ ते २०२० या काळात 'अस्तार्तेस' नावाचा पाच भागांचा संगणकीय ॲनिमेशनपट केला. तो इतका उतरला की खेळाच्या मालक कंपनीने त्याला आपल्याकडे कामास घेतले. त्याच कंपनीने २०२१ साली, आमच्या पात्रांवर चाहत्यांनी चित्रपट काढूच नयेत, असा नियम केला. एकाला दार उघडले आणि त्याच्यामागे ते लावून घेतले, असे पुष्कळ चाहत्यांना वाटले. आम्हांलाही तसेच वाटते. आपल्या १९५७ च्या कायद्यात खासगी उपयोग, टीका, समीक्षा यांना मोकळीक आहे. चाहत्यांच्या चित्रपटासाठी म्हणून वेगळे कलम नाही. घरच्या घरी, शिकण्यासाठी कोणाचेही यान चितारावे. चारचौघांत दाखवताना मात्र हे ध्यानात असावे.

तरीही माणसे काढतातच. पॉल जॉन्सन नावाच्या एका इंग्रज चित्रकाराने 'स्टार वॉर्स'च्या विश्वावर सात मिनिटांचा चित्रपट चार वर्षांच्या शनिवार-रविवारी बसून चितारला आणि २०१५ साली तो लोकांपुढे ठेवला. अमेरिकेची याने, इंग्रजाचा हात आणि शैली १९८० च्या दशकातील जपानी ॲनिमेशनची. विकता येणार नाही, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक. चार वर्षांचे शनिवार-रविवार म्हणजे चारशेहून अधिक दिवस होतात.

आपल्या मुलामुलींना आम्ही सुचवू ते एवढेच, की दुसऱ्याच्या पात्रांवर हात बसल्यावर कथा आपली घ्यावी. माकोतो शिन्काइ या जपानी तरुणाने २००२ साली, घरच्या संगणकावर, जवळजवळ एकट्याने पंचवीस मिनिटांचा विज्ञानपट केला. पहिल्या आवृत्तीत आवाजही त्याचा आणि त्याच्या वाग्दत्त वधूचा. कथा दोन शाळकरी मित्रांची आहे. मुलगी अंतराळयानातून दूर दूर जाते आणि पृथ्वीवरच्या मुलाला फोनवर निरोप पाठवीत राहते. यान जितके दूर, तितका निरोप पोहोचण्यास उशीर: आधी दिवस, मग महिने, मग वर्ष. ती व्याधाच्या ताऱ्यापाशी पोहोचते तेव्हा तिचा निरोप घरी यावयास आठ वर्षांहून अधिक काळ लागतो, कारण प्रकाशालाच तेवढा लागतो. गावाकडच्या पत्राची वाट पाहण्यात ज्यांची पहिली वर्षे गेली, अशी मंडळी या सभागृहात पुष्कळ आहेत. असा विषय आपल्याकडच्या एखाद्या मुलाला का सुचू नये? कथा त्याची स्वतःची असल्यामुळे शिन्काइला कोणाच्या परवानगीची गरज पडली नाही, आणि तो चित्रपट तोक्योच्या एका छोट्या चित्रपटगृहात रीतसर लागला.

आणि मराठीत विज्ञानकथेचे बी आहेच. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणून बसवले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक ना. वि. जगताप. पहिले बक्षीस मिळाल्यावर उलगडा झाला, की आद्याक्षरे उलटी करून ती पाठवणारे गृहस्थ म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, म्हणून केलेला हा उद्योग. २०२५ साली ते गेले. त्यांचा व्यवसाय ताऱ्यांचा. कथा ही हौस.

साधनांचे म्हणाल, तर तक्रारीस जागा राहिलेली नाही. 'ब्लेंडर' नावाची संगणकीय ॲनिमेशनची प्रणाली २००२ पासून सर्वांना फुकट खुली आहे. तिच्यावर केलेल्या 'फ्लो' या लाट्वियातील चित्रपटाला २०२५ साली ऑस्कर मिळाले. पण ती शिकण्यास महिने लागतात, आणि उत्साह तोवर टिकत नाही. म्हणून बालविभागाच्या संचालिकाबाईंना आम्ही एक सुचवले आहे. येत्या सुट्टीत मुलांनी फाळक्यांचीच वाट धरावी. वाटाण्याला महिना लागतो, मूग आठवड्याच्या आत वर येतात. एका कुंडीत मूग पेरावेत, बाजूला रात्रंदिवस एक दिवा जळत ठेवावा, मोबाइल फोन पुस्तकांच्या चवडीवर घट्ट बसवावा आणि दर अर्ध्या तासाला एक छायाचित्र आपोआप निघेल अशी योजना करावी. दिवसाला अठ्ठेचाळीस, पाच दिवसांत दोनशे चाळीस. सेकंदाला चोवीसच्या हिशेबाने दहा सेकंदांचा चित्रपट होतो. मागे काळा कागद लावून त्यावर चंद्रतारे चिकटवले, की तो परग्रहावरचा मूग होतो. घरातील वडील मंडळींनी फक्त एवढे पाहावे, की पाच दिवस त्या टेबलावरची धूळ कोणी झटकू नये आणि दया येऊन कुंडी उन्हात हलवू नये.